टोप परत येतो, खरं की खोटं

माझं शिक्षण सातवीपर्यंत. तेही उरणकडच्या आमच्या गावातल्या शाळेत, मिठागराला लागून. पुढचं सगळं मी विचारून विचारून शिकले. बँकेत स्लिप भरणाऱ्याला विचारलं, रेशनच्या रांगेतल्या बाईला विचारलं, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला तर इतकं विचारलं की तो मला लांबून बघून शटर ओढायचा. त्यामुळे वयाच्या या टप्प्यावर एका सकाळी मी चहा ओतता ओतता म्हटलं, "मला डेटा मॉडेलिंग शिकायचंय," तेव्हा आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला नाही, नुसता जरा वाकवला.

"ते काय असतं?"

"ते माहीत असतं तर शिकायला कशाला निघाले असते?"

"मग हवंय कशाला?"

"भांड्यांसाठी."

ह्यांनी पेपर पुन्हा सरळ केला. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळतं.

तर भांड्यांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या पनवेलच्या महिला मंडळाची मोठी भांडी आहेत. तांब्याचे टोप, पितळी पराती, कढया, झारे, आणि थोडी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली. पूर्वी आम्ही बायकांनी जमवून घेतलेली. कुणाकडे हळद असो, साखरपुडा असो, बारसं असो, भांडी न्यायची, घासून परत द्यायची, भाडं बिडं काही नाही. ती सांभाळायचं काम माझ्याकडे. कुठला टोप कुणाकडे आहे ते माझ्या डोक्यात असायचं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं, माझं फिरणं थांबलं, आणि डोक्यातलं सगळं शिळं झालं. एक दिवस मंडळाची खोली उघडली तर फडताळावर जर्मनची पातेली तेवढी एकात एक घालून बसलेली. तांबं-पितळ जवळजवळ गायब.

आमच्या नव्या अध्यक्षीणबाई कामाच्या आहेत. पुण्याहून आल्यात, बँकेतून निवृत्त झाल्यात, बोलतात ते मुद्द्याचं. त्या म्हणाल्या, "काकू, हल्ली सगळे कॅटरर बोलावतात. उरलेली भांडी गोळा करू, एका कॅटररला विकून टाकू. तो घ्यायला तयार आहे. ही खोली मला योगवर्गाला हवीय."

"सगळे नाही बोलवत कॅटरर," मी म्हटलं.

आणि खरंच नाही. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याच्या बायकोने, जिला आम्ही सगळ्या वहिनी म्हणतो तिने, लेकीच्या हळदीसाठी मोठा टोप आधीच सांगून ठेवला होता. तिच्या दोन्ही नणंदा घरी रांधणार होत्या. तिला काय सांगू, टोप विकला?

"ठीक आहे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "वार्षिक सभेपर्यंत मला दाखवा कुठलं भांडं कुठे आहे. नीट, कॉम्प्युटरवर. नाहीतर विकायचं."

आता कॉम्प्युटर मला येतो. नातीच्या जुन्या लॅपटॉपवर मी मराठी टाइप करते, तक्ते करते. त्या दिवशी घरी येऊन बसले आणि तक्ता केला. भांडं, कुणी नेलं, फोन, तारीख. दोन दिवसांत तो तक्ता माझ्याच अंगावर आला. एकच बाई तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेली, एक टोप दोन घरी एकाच वेळी, आणि झाकणं कुठे लिहायची तेच कळेना.

माझी सून द्रोणागिरीला एका गोदामाच्या कंपनीत आहे. कंटेनर कुठून आला, कुठे गेला, त्याची माहिती कॉम्प्युटरमध्ये कशी मांडायची ते तिचं काम. संध्याकाळी ती कंपनीच्या गाडीतून उतरून आली, चप्पल काढता काढता तिने तक्ता बघितला.

"आई, हा तक्ता नाही, हा चिवडा आहे. आधी मॉडेल करायला लागतं."

"म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे तुमच्या कामात कुठल्या कुठल्या वस्तू आहेत, माणसं आहेत, त्यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते आधी ठरवायचं. तक्ते त्यानंतर. त्याला डेटा मॉडेलिंग म्हणतात."

"मग शिकव की."

"आई, मी दिवसभर हेच करून येते. तुम्ही विचारायला लागलात की रात्रीचा स्वयंपाक दुसऱ्या दिवशी होतो. आणि काम ज्यांचं आहे त्यांच्याशी आधी बोला, एवढंच सांगते."

आता हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. ऐकलं, पण सुनेचं वाक्य असल्यामुळे ते आत जायला जरा वेळ लागला. मी ठरवलं, आपण आपलं बाहेर शिकू.

पहिल्यांदा वाचनालयात गेले. तिथल्या ताई म्हणाल्या, कॉम्प्युटरची पुस्तकं आहेत. होती खरी. संगणक म्हणजे काय, माउस कसा धरावा, ईमेल कसा पाठवावा. एका पुस्तकात माउसचं चित्र इतकं प्रेमाने काढलं होतं की मला गणपतीचा उंदीर आठवला. डेटा मॉडेलिंगवर मराठीत काही नाही. ताईंनी मन दुखवू नये म्हणून स्पर्धा परीक्षेचं एक पुस्तक हातात दिलं. "यात डेटावर चार पानं आहेत." चार पानं होती, पण ती टक्केवारीची.

मग व्हिडिओ. हिंदीत पुष्कळ. प्रत्येक जण "दोस्तों" म्हणून सुरू करतो आणि कॉलेजात घेऊन जातो. विद्यार्थी, शिक्षक, विषय. विद्यार्थ्याचा एक चौकोन, विषयाचा एक चौकोन, मधे रेघ. दुसऱ्याकडे गेलं की गिऱ्हाईक, ऑर्डर, बूट. एका गिऱ्हाइकाच्या पुष्कळ ऑर्डरी असल्या की रेघेच्या टोकाला तीन बोटं काढतात. त्याला इंग्रजीत चक्क कावळ्याचा पाय म्हणतात. मी ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "पितृपक्षात सुरू कर." पण व्हिडिओ बघून बघून एक गोष्ट मला कळली. चौकोन म्हणजे ज्याची नोंद ठेवायची ते, रेघ म्हणजे नातं, आणि प्रत्येकाला ओळखायची एक अशी खूण लागते जी दुसऱ्या कुणाची नसते. आमच्याकडे एकाच आडनावाच्या बायका आणि एकाच नावाच्या सुना इतक्या की ते शेवटचं मला लगेच पटलं.

आमच्या ह्यांनी सुचवलं, मोबाइलमधल्या त्या एआयला विचार. विचारलं. त्याने पहिल्यांदा माझं कौतुक केलं. फार सुंदर उपक्रम आहे म्हणाला. मग एका दमात सहा तक्ते लिहून दिले, त्यात 'परतीची तारीख' असा एक रकाना, आणि 'उशिरा परत केल्याचा दंड' असा दुसरा. मी म्हटलं, आमच्याकडे दंड नसतो. तो म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे, आणि दंड काढून टाकला. एवढ्या लगेच माझं बरोबर म्हणणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला.

शेवटी कामोठ्याला क्लास शोधला. औषधाच्या दुकानावर दुसरा मजला, लिफ्ट नाही. जिने चढून मी जाऊन बसले तर काउंटरवरच्या मुलीने पाणी दिलं आणि फॉर्म पुढे केला.

"नातवासाठी चौकशी आहे का?"

"नाही ग, माझ्यासाठी. डेटा मॉडेलिंग."

तिने माझ्याकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं. "ग्रॅज्युएशन कुठल्या वर्षी, आजी?"

"अजून व्हायचंय."

ती हसली, मीही हसले. मग म्हणाली, आमचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, डेटा सायन्स, शेवटी नोकरी मिळवून देतो. मी म्हटलं, नोकरी आहे मला, भांडी सांभाळायची, त्यातूनच हा घोळ झालाय. एवढ्यात सर बाहेर आले. सर म्हणजे माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा मुलगा, चष्मा, बाही दुमडलेली. त्याला मी सर म्हणायचे आणि तो मला आजी. कुणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. भांड्यांचं सगळं ऐकून तो म्हणाला, "आजी, अख्खा कोर्स तुम्हाला नकोय. पुढच्या दोन शनिवारी मॉडेलिंगचे तास आहेत. तेवढे बसा."

बसले. मागच्या बाकावर, बाकी सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं. पहिल्या शनिवारी सरांनी जेवण घरपोच देणाऱ्या कंपनीचं उदाहरण घेतलं. हॉटेल, गिऱ्हाईक, ऑर्डर, डिलिव्हरीवाला. मी हात वर केला.

"सर, आणि डबा? डबा परत येतो का?"

"आजी, तो प्लॅस्टिकचा असतो. फेकून देतात."

"मग हे मला चालणार नाही."

पोरं हसली. सरही हसले आणि म्हणाले, पुढच्या वेळी तुमच्यासाठी परत येणारी वस्तू घेऊ. पुढच्या शनिवारी त्यांनी वाचनालय घेतलं. पुस्तक, सभासद, दिलेली तारीख, परत आलेली तारीख. मी जागेवरच खूश झाले. हेच तर आमचं. पुस्तकाच्या जागी टोप, सभासदाच्या जागी मंडळाची बाई. माझ्या डब्यातल्या चकल्या त्या दिवशी मी सगळ्या बाकांवर फिरवल्या.

घरी येऊन मी वाचनालयाचं मॉडेल जसंच्या तसं उतरवून काढलं. चौकोन, रेघा, कावळ्याचे पाय, सगळं. प्रत्येक भांड्याला नंबर. प्रत्येक भांडं दोनच जागी असू शकतं, 'मंडळात' नाहीतर 'बाहेर'. बाहेर असलं की लाल रंग. मंडळाच्या गटावर मेसेज टाकला, ज्यांनी भांडं परत केलंय त्यांनी कळवा. उत्तरं आली, "पोचला हं काकू", "आमचा केव्हाच पोचला". मी खोलीत बघितलं, तिथे काही नाही. म्हटलं, बायका विसरतात. जे खोलीत नाही ते बाहेर. भरून टाकलं.

सूनबाई संध्याकाळी डोकावली. "आई, टोप परत कधी येतो हो?"

"वापरून झाला की."

"असं कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? मी बघतेय इतकी वर्षं."

"बरं," म्हणून ती भाजी निवडायला बसली. तिचं 'बरं' मला दहा वाक्यांपेक्षा जास्त टोचतं, हे तिला माहीत आहे.

कमिटीच्या बैठकीत मी लॅपटॉप उघडून दाखवला. रंग छान दिसत होते. अध्यक्षीणबाईंनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "काकू, उत्तम काम केलंत. तांबं-पितळ सगळं लाल आहे. म्हणजे सगळं गेलंय. मी म्हणत होते ते तुम्ही पुराव्यानिशी दाखवलंत. सभेत हाच तक्ता दाखवू आणि उरलंसुरलं गोळा करून विकायचा ठराव घेऊ."

 माझ्याच चौकोनांनी माझे टोप विकायला काढले होते. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "न शिकताच बरं होतं. निदान घोळ तरी होता." त्यांना आज ते वाक्य आठवत नाही. मला आठवतं.

मी पुन्हा कामोठ्याचे जिने चढले. सरांना म्हटलं, "तुमचं वाचनालय आमच्याकडे चाललं नाही."

सरांनी तक्ता बघितला. "आजी, वाचनालयाचं मॉडेल वाचनालयासाठी बरोबर आहे. तुम्ही ते उचललं, पण टोपाला विचारलं नाही." मग त्यांनी कपाटातून झेरॉक्सचे काही कागद काढले. त्यांच्या कॉलेजातल्या बाईंनी शिकवलेली एक जुनी पद्धत होती. तिच्यात चौकोन नंतर येतात. आधी साधी वाक्यं लिहायची. काम ज्यांचं आहे ते बोलतात त्या भाषेत. मग ती वाक्यं त्यांनाच वाचून दाखवायची आणि विचारायचं, खरं की खोटं. आणि प्रत्येक खऱ्या वाक्याला एक घडलेलं उदाहरण मागायचं.

"हे फुकट का दिलंत?" मी विचारलं. "सहा महिन्यांच्या कोर्सात हे कुठेच नाही."

"पोरांना कंटाळा येतो, आजी. त्यांना सॉफ्टवेअर हवं असतं. हे नुसतं बोलायचं काम आहे."

नुसतं बोलायचं काम. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की खाली उतरताना गुडघा दुखल्याचं आठवत नाही. घरी सूनबाईला कागद दाखवले. तिने पहिलं पान वाचलं, माझ्याकडे बघितलं.

"आई, काम ज्यांचं आहे त्यांच्याशी बोला, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो ग. पण तू झेरॉक्स दिली नव्हतीस."

त्यावर ती कितीतरी वेळ हसत होती. मग म्हणाली, "वाक्यं तुम्ही वाचा. मी लिहून घेते."

पुढच्या रविवारी आमच्या घरी बायका जमवल्या. पोहे केले. मी वाक्यं मोठ्याने वाचायची आणि बायकांनी खरं की खोटं ते सांगायचं, असं ठरलं. सूनबाई कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन.

"प्रत्येक भांड्यावर नंबर आहे."

"खोटं," चारपाच जणी एकदम. "चिंच लावून घासलं की नंबर जातो. आमच्या हातात जोर आहे, काकू."

"एक भांडं एका वेळी एकाच घरी असतं."

"खोटं. टोप आमच्याकडे होता, झाकण माझ्या जावेकडे."

सूनबाईने मान वर केली. "मग झाकण वेगळं भांडं धरायचं?"

"वेगळंच ते. ते कधी टोपाचं ऐकतं का?"

"भांडं मंडळाची सभासद नेते."

"खरं," एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, "नेते सभासद, पण जावेच्या बहिणीसाठी." मग खरं की खोटं यावर पोहे गार होईपर्यंत भांडण. मला मजा येत होती, कबूल करते. क्लासात कुणी इतकं बोलत नव्हतं.

मग मी वाचलं, "वापरून झाल्यावर टोप परत येतो."

"खरं," सगळ्या म्हणाल्या. एकसुरात. शाळेत प्रार्थना म्हणतात तशा.

"आता एक उदाहरण द्या," मी म्हटलं. सरांचं वाक्य होतं ते. "कोणाचा टोप, कधी परत आला?"

एक जण म्हणाली, आमचा पोचला की. कुठे पोचला? नणंदेच्या शेजारी. तिथे लग्न होतं. दुसरी म्हणाली, आमचाही पोचला, कामोठ्याला, साखरपुड्याला. सूनबाईचं टाइप करणं थांबलं. "मंडळात कुणी आणला?" तिने विचारलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

आमच्यात एक बंगल्यावरच्या काकू आहेत. इथल्याच शेतकरी घरातल्या. जमीन गेली, बंगला आला, दारात दोन गाड्या आल्या, पण बोलणं जसंच्या तसं. त्या म्हणाल्या, "आगो बाय, मंडलात कसा आनायचा? टोप रिकामा माघारी देत नाय आमी."

"आम्ही पण नाही देत," दुसरी म्हणाली.

"कोणीच देत नाही," तिसरी.

आणि खरं सांगते, मीही देत नाही. शेजारच्या घरातून वाटी आली की तिच्यात चार शेंगदाणे का होईना, घालूनच ती परत जाते. रिकामं भांडं कुणाच्या दारात नेऊ नये, हे मला माझ्या आईने न सांगता शिकवलंय. पण वाटीला लागू होतं ते टोपाला लागू होईल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. अख्ख्या गल्लीचा भात शिजतो त्या टोपात काय घालून परत देणार? दोन लाडू घातले तर बुडाशी दिसणारसुद्धा नाहीत, उलट अपमान व्हायचा. आणि मंडळाच्या खोलीत घालून द्यायचं तरी कुणाला? तिथे माणूसच नाही. मग बाई थांबते. घासून, पुसून टोप माळ्यावर ठेवते. तेवढ्यात ओळखीत कुठे लग्न निघतं. तिकडे तो टोप तांदूळ भरून, वर नारळ ठेवून जातो. आहेराचा आहेर झाला, टोपही पोचला. म्हणून सगळ्या म्हणत होत्या, पोचला हं काकू. खोटं कोणी बोलत नव्हतं. मांडवात पोचला म्हणजे परत केला.

सूनबाई लॅपटॉपवरून उठून मधे येऊन बसली. "म्हणजे टोप हरवलेले नाहीत. ते घरी यायच्या ऐवजी पुढे जातायत."

"मंग काय तर," बंगल्यावरच्या काकू म्हणाल्या. "टोप बसून राहिल तर कामाचा काय?"

"आमच्याकडे कंटेनरचं असंच असतं," सूनबाई मला म्हणाली. "रिकामा कंटेनर परत आणणं परवडत नाही, तिथूनच पुढचा माल भरतात. म्हणून आम्ही तो कुठे आहे असं लिहीत नाही. कोणी कोणाच्या हातात दिला तेवढंच लिहितो. शेवटची नोंद बघितली की कळतं."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"टोप रिकामा देत नाहीत हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

दोघी एकदमच उठलो. बायकांना तेवढ्यात चहा हवा होता.

त्या आठवड्यात आम्ही चौकोन बदलले. 'मंडळात' आणि 'बाहेर' काढून टाकलं. आता मधे एकच नवा चौकोन, हवाली करण्याचा. कुठलं भांडं, कोणाकडून, कोणाकडे, कधी. मी फोन लावत बसायची. "तुझ्याकडून कुठे गेला ग?" एक फोन लागला की तो दुसरा फोन सांगायचा. काही टोप उरणपर्यंत गेले होते. एका परातीने गेल्या मोसमात इतकी लग्नं बघितली की माझ्या आयुष्यात मी तेवढी बघितली नसतील. सूनबाई जेवताना विचारायची, आज कितवं घर? दोन भांडी काही सापडली नाहीत. एकाची साखळी एका कुटुंबापाशी तुटली, ते गाव सोडून गेलं होतं. दुसऱ्याचं झाकण मिळालं, टोप नाही.

एक रकाना बायकांनी हट्टाने घालायला लावला. 'आत काय घातलं.' सूनबाई म्हणाली, याचा मॉडेलला काही उपयोग नाही. बायका म्हणाल्या, आम्हाला आहे. तो रकाना राहिला.

वार्षिक सभेत मी लॅपटॉप उघडला तेव्हा लाल रंग नव्हता. एकेका भांड्याची साखळी होती, शेवटच्या घराच्या नावापर्यंत. अध्यक्षीणबाईंनी चष्मा लावला आणि वेळ घेऊन वाचलं. त्या सहज मान्य करणाऱ्यातल्या नाहीत, आणि ते बरंच आहे.

"सापडली हे ठीक," त्या म्हणाल्या. "पण ही पुन्हा पांगतील."

"पांगणारच," मी म्हटलं. "ती पांगण्यासाठीच आहेत. लिहायचं एवढंच, देणारीने लिहायचं."

"आणि लग्नं नसतील तेव्हा?"

"शेवटच्या घरी. पुढचं लग्न निघेपर्यंत."

"आमचा माला मोठा हाय," बंगल्यावरच्या काकू मागून म्हणाल्या. "चार टोप बसतीन."

अध्यक्षीणबाई तक्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काकू, तुमच्या या मॉडेलमध्ये मंडळाची खोली कुठे दिसत नाही."

मला तोवर ते लक्षातच आलं नव्हतं. खरंच नव्हती. चौकोन काढता काढता आम्ही खोलीच पुसून टाकली होती. इतकी वर्षं ज्या खोलीची किल्ली मी कमरेला सांभाळली, तिच्याकडे एकही रेघ जात नव्हती. माझा हात कमरेच्या किल्लीवर गेला. सूनबाईने माझ्या हातावर हात ठेवला, कुणाला दिसणार नाही असा.

"नकोच आहे ती," मी म्हटलं. "तुमचा योग घ्या तिथे."

"म्हणजे माझं काम झालं आणि तुमचंही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, भांडण होणार."

"मी तयारीने आले होते. तुम्ही संधी दिली नाहीत."

सभा हसली. ठराव असा झाला की जर्मनची पातेली, जी कोणी नेत नव्हतं, ती कॅटररला द्यायची. तांबं-पितळ बायकांतच फिरत राहील. मी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. कमरेला हलकं हलकं वाटलं, पुढचे काही दिवस हात आपोआप तिकडे जायचा.

वहिनीच्या लेकीच्या हळदीला मोठा टोप बंगल्यावरून आला. दोन्ही नणंदा चुलीपाशी घामाघूम, भात उतरवायला चौघी लागल्या. आम्ही मांडवात जेवत होतो. अध्यक्षीणबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. ताटात वाढलेलं तसंच ठेवून त्या मोबाइलमध्ये काहीतरी लिहीत होत्या. मी डोकावले तर आमचाच तक्ता, सूनबाईने सगळ्यांच्या मोबाइलवर घालून दिलेला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शेजाऱ्यांकडे बारसं होतं, टोप इथून तिकडे जायचा होता, वहिनीला सवड नव्हती म्हणून तेच त्यांनी भरलं होतं. कोणाकडून, कोणाकडे, कधी, सगळं नीट. शेवटचा रकाना तेवढा मोकळा.

"आत काय घालणार?" मी विचारलं.

"ते वहिनी आणि त्यांच्या नणंदा ठरवतायत. मगाचपासून वाद चाललाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवा, काकू. भात निवतोय."